फेरी चुकली, सर!

स्मरणिकेसाठी दोन शब्द लिही म्हणून तिसऱ्यांदा फोन आला तेव्हा कुठे लिहायला बसलोय, शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. मी १९८९ची दहावीची बॅच, मांडवी नदीपलीकडच्या बेतीहून पणजीला शाळेत येणारा.

५ जुलै १९८६ला मांडवीवरचा पूल कोसळला तेव्हा आम्ही नुकतेच आठवीत गेलेलो. मोठ्यांचे खूप हाल झाले, पण खरं सांगायचं तर आमची दोस्ती त्या पडलेल्या पुलामुळेच झाली. त्याआधी मी, एक वेऱ्याचा आणि एक पर्वरीचा, तिघेही वेगवेगळ्या बसने यायचो, एका वर्गात असून धड बोलणं नव्हतं. पूल गेला आणि तिघेही बेतीच्या धक्क्यावर फेरीबोटीसाठी येऊन पडलो. (नावं मुद्दाम लिहीत नाही, वाचून फोन करून शिव्या दिल्या तर बरंच.)

आमचा नियम एकच, तिघे जमल्याशिवाय कोणी फेरीत चढायचं नाही. पर्वरीवाला रोज लेट, आम्ही "बेगीन यो रे!" म्हणून ओरडतोय आणि तो एका हातात दप्तर, एका हातात चप्पल घेऊन धावतोय, फळी वर जायच्या आत उडी मारली तर मारली नाहीतर पुढच्या फेरीची वाट बघायची आणि मग वर्गाबाहेर तिघे लायनीत उभे. "फेरी चुकली, सर!" हे वाक्य तेव्हा सगळ्यांना पटायचं, म्हणून फेरी वेळेवर मिळाली तरी आम्ही सचिवालयाजवळ संमोहनवाल्या आबे फारियाच्या पुतळ्याखाली उभं राहून एकमेकांना हिप्नोटाइझ करायचो आणि मग सावकाश शाळेत. सर, आता कबूल करतो.

पावसानंतर खनिजाच्या बार्जेस सुरू झाल्या की फेरी मध्येच थांबायची, त्या जाईपर्यंत अख्खा गृहपाठ उतरवून व्हायचा. त्याच वर्षी राजभाषेचं आंदोलन पेटलेलं. माझ्या घरी मराठी, पर्वरीवाल्याच्या घरी कोकणी, आणि आम्ही त्यावरून फेरीत हमरीतुमरीवर यायचो ते अस्खलित कोकणीत! आठवीत गेलो तेव्हा गोवा केंद्रशासित होता, नववीत गेलो तेव्हा राज्य झालेलं, आम्हाला त्याचं काही नाही, फेरी तीच होती.

मग दहावी झाली. एक म्हापशाला कॉमर्सला, एक आयटीआयला आणि तिथून पुढे बोटीवर, मी पणजीतच. १९९२ला नवा पूल झाला आणि पाच मिनिटांत पणजी. सगळे खूश, मी पण. पण बसमध्ये कोणी कोणासाठी थांबत नाही हो, बस आली की चढायचं.

भांडण वगैरे काहीच झालं नाही. झालं असतं तर निदान मिटवता तरी आलं असतं. वेऱ्याच्या मित्राच्या लग्नाचं आमंत्रण घरी आलेलं, मी ऑफिसात ऑडिट आहे म्हणून सांगितलं. ऑडिट होतं, पण संध्याकाळी सहाला सुटलेलो. तिथे जाऊन बोलणार काय, याचंच टेन्शन आलेलं. त्यानंतर चतुर्थीला एकमेकांच्या घरी माटोळी (गणपतीवर टांगलेली फळाफुलांची सजावट) बघायला जाणंही हळूहळू बंद झालं, आधी कोणी बंद केलं ते आता आठवत नाही, बहुतेक मीच.

आता बॅचचा ग्रुप आहे. फुलांचे फोटो येतात, वाढदिवसाला केक येतात, बोटीवरचा कुठल्यातरी बंदराचा फोटो टाकतो, आम्ही अंगठे दाखवतो. आता मांडवीवरच्याच अटल सेतूवरून जाताना खाली बघायचं म्हटलं तर मागचा हॉर्न वाजवतो.

तर शाळेच्या कार्यक्रमाच्या दिवशी मी गाडी बेतीलाच लावून फेरीने येणार आहे. साडेआठला धक्क्यावर उभा राहीन, असं दोघांना वेगळं कळवलंय. बोटीवरचा सुट्टीवर आलाय, त्याने लगेच 'ओके' पाठवलं. पर्वरीवाल्याची नुसती ब्लू टिक दिसतेय. तो लेटच येणार.