गाळलेलं अर्धं वाक्य

२७ जानेवारी, रात्र

आज दिवसभर जन्माच्या जुन्या नोंदी नव्या वहीत उतरवल्या. चाळिसाव्या नोंदीला अंगठ्याच्या मुळाशी ठणका लागला आणि सुगिहारांची आठवण झाली. तारीखही तशीच. १९४५ साली याच दिवशी नाझींची आउशवित्झची मृत्युछावणी मुक्त झाली.

चिउने सुगिहारा लिथुआनियातल्या कौनास शहरात जपानचे वाणिज्यदूत होते. १९४० च्या जुलैत पोलंडमधून जीव मुठीत धरून आलेले ज्यू त्यांच्या फाटकाशी उभे राहिले. जपानमार्गे निसटायचं तर आधी पुढचा मुक्काम दाखवावा लागे. तो यान झ्वार्टेंडाइक यांनी मिळवून दिला. हॉलंडचे मानद वाणिज्यदूत, एरवी फिलिप्स कंपनीचे तिथले प्रमुख. हॉलंडच्या ताब्यातल्या कुरसाओ बेटावर उतरायला व्हिसा लागत नाही, असं त्यांनी कागदांवर लिहून दिलं. गव्हर्नरची परवानगी मात्र लागते, हे पुढचं अर्धं वाक्य गाळलं. मला त्या गाळलेल्या अर्ध्या वाक्यापुढे हात जोडावेसे वाटतात. नियम शब्दशः उतरवण्यातच माझी नोकरी गेली आहे, म्हणून असेल.

जपानमार्गे जाण्याचे व्हिसा द्यायच्या परवानगीसाठी सुगिहारांनी टोकियोला तारा केल्या, उत्तर नकाराचं आलं. तरी ते लिहीत राहिले. उभ्या जपानी ओळी, एकेक व्हिसा हाताने. रात्री पत्नी युकिको त्यांचा आखडलेला हात चोळून द्यायच्या. यादीत २,१३९ नावं आहेत, आणि कित्येकदा एका व्हिसावर अख्खं कुटुंब. सप्टेंबरमध्ये कौनास सोडताना गाडीत बसल्यावरही त्यांचं लिहिणं चालूच होतं. ती माणसं सायबेरिया ओलांडून व्लादिवोस्तोकला, तिथून बोटीने त्सुरुगा बंदरात उतरली. मागे राहिलेल्यांचं काय झालं ते लिहवत नाही. पुढच्या जूनमध्ये जर्मन फौजा आल्या आणि लिथुआनियातल्या शंभर ज्यूंपैकी नव्वदाहून जास्त मारले गेले.

१९४७ मध्ये सुगिहारांना नोकरी सोडावी लागली. १९६८ साली टोकियोतल्या इस्रायली वकिलातीतल्या येहोशुआ निश्री यांनी त्यांना शोधून काढलं. निश्री त्यांच्याच व्हिसावर वाचले होते. १९४० पासूनची मधली अठ्ठावीस वर्षं त्या हाताने किती वेळा मनातल्या मनात ती नावं मोजली असतील?

उद्या एकेचाळिसावी नोंद. मुलीची आहे, शाई पार विटली आहे. सकाळी आठवणीने भिंग न्यायचं.