सगळ्यांचं क्लोराइड

मागच्या बुधवारी बारावीच्या केमिस्ट्री प्रॅक्टिकलला मी सगळ्यांना नाव न सांगता ओळखायला एकच सॉल्ट दिलं, झिंक नायट्रेट. हवेतला ओलावा ओढून जरा चिकट झालेलं, पण पाण्यात लगेच विरघळणारं. अर्ध्या तासात खिडकीजवळच्या टेबलावरून आवाज आला, "मॅडम, क्लोराइड आ गया!" आणि मग एकामागून एक सगळ्यांचंच क्लोराइड आलं.

मी म्हटलं, मुलं घाई करतात, गाइडमध्ये बघून लिहितात. रागावलेही.

रात्री रामबागेत घरी वह्या तपासताना एका मुलीच्या पानावर अडकले. तिने आधी लिहिलं होतं, "कोरडं सॉल्ट, तीव्र सल्फ्युरिक आम्ल, तांब्याचे तुकडे, गरम केल्यावर तपकिरी धूर: नायट्रेट." आणि खाली, "सिल्व्हर नायट्रेटने पांढरं: क्लोराइड?" एका सॉल्टमध्ये एकच ऋण आयन (नायट्रेट किंवा क्लोराइडसारखा ऋणभारित भाग) असतो म्हणून मी तिचे दोन गुण कापले. वही मिटली, पुन्हा उघडली. तपकिरी धूर आला तो कोरड्या सॉल्टमधून. त्यात बाहेरच्या पाण्याचा एक थेंबही नव्हता.

सकाळी प्रार्थनेआधीच लॅब उघडली. मुलं ज्या पाण्यात सॉल्ट विरघळवतात, ते वॉश बॉटलमधलं नुसतं पाणी घेतलं, विरल नायट्रिक आम्ल घातलं, वर सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब. दुधाळ! डिस्टिल्ड वॉटर संपलं होतं आणि बाटल्या बोअरिंगच्या नळावर भरल्या गेल्या होत्या. मी विचारलंच नव्हतं. त्या पाण्यातलं क्लोराइड खरंच होतं, त्याचा पांढरा साका अमोनियात विरघळलाही, म्हणजे मुलांची पक्की करणारी टेस्टसुद्धा बरोबर आली. फक्त ते सॉल्टचं नव्हतं.

(आम्ल नायट्रिकच का, हे मुलं दरवर्षी विचारतात. कार्बोनेटसुद्धा सिल्व्हरबरोबर पांढरं पडतं, ते आधी आम्लाने घालवावं लागतं. आणि हायड्रोक्लोरिक घातलं तर क्लोराइड आपणच ओतलं की!)

मग डिस्टिल्ड वॉटर मागवलं आणि वर्गासमोर सगळं परत केलं. सिल्व्हर नायट्रेट घातलं, द्रावण स्वच्छ राहिलं. शेजारच्या टेस्ट ट्यूबमध्ये मिठाचं पाणी घेतलं, त्यात दह्यासारखा गुठळ्यांचा साका बसला. कालचं होतं ते नुसतं धुरकट. हा फरक शब्दांनी सांगून कळत नाही, दोन्ही नळ्या हातात धरून उजेडात बघाव्या लागतात.

त्यानंतर नायट्रेट पक्कं करणारी रिंग टेस्ट. फेरस सल्फेटचं द्रावण ताजंच हवं, तेव्हाच्या तेव्हा केलेलं. नळी तिरकी धरायची आणि तीव्र सल्फ्युरिक आम्ल काचेच्या कडेने अगदी सावकाश सोडायचं. जड म्हणून ते तळाशी जाऊन बसतं. दोन थर भेटतात तिथे थोड्या वेळाने तपकिरी कडं उमटतं. नळी हलली की ते गेलं. मागच्या बाकावरची मुलंसुद्धा पुढे येऊन श्वास रोखून बघत होती.

त्या मुलीचे दोन गुण मी परत दिले आणि चूक माझी होती हे सगळ्यांसमोर सांगितलं. ती म्हणाली, "मॅडम, मैंने सोचा मेरा धुआँ गलत है।"

आता आमच्या प्रॅक्टिकलच्या वहीत सॉल्टला हात लावण्याआधी पहिली ओळ ही असते: "नुसतं पाणी + नायट्रिक आम्ल + सिल्व्हर नायट्रेट: काही दिसलं नाही."