खाड्याचं कारण

शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत मी ३१ वर्षं टाइम ऑफिस सांभाळलं. सातच्या शिफ्टला गेटवर उभं राहायचं, हजेरी मांडायची, खाडे लिहायचे. निवृत्त झाल्यापासून पहाटे रंकाळ्याला फेरी असते. नातीनं मोबाईलवर इतिहासाची व्याख्यानं लावून दिली आहेत, ती ऐकत चालतो. इंग्रजी आहेत, म्हणून वेग जरा कमी करतो आणि अडलं की शालिनी पॅलेससमोर बसून तेवढाच भाग पुन्हा लावतो.

राजे नि लढाया शाळेतच झाल्या. मला ओढ लागली आहे ती कामाला जाणाऱ्या माणसांची. गेल्या आठवड्यात इजिप्तमधल्या देर अल-मदिनाबद्दल ऐकलं. राजांच्या कबरी कोरणाऱ्या कारागिरांचं हे गाव. पगार धान्यात. साध्या कामगाराला महिन्याला चार पोती गहू आणि दीड पोतं जव. आणि गहू कुठला, तर खपली! आपल्याकडं खिरीला लागतो तोच. तिसरा रामसेस राजा गादीवर आल्याच्या २९व्या वर्षी हे धान्य वेळेवर आलं नाही, तेव्हा कामगार काम टाकून देवळामागं जाऊन बसले. लेखी नोंद असलेला जगातला पहिला संप तो हाच.

पण मी बाकावरून उठलोच नाही, ते त्याच्या पुढच्या गोष्टीनं. त्याच गावातली चुनखडीच्या दगडावर लिहिलेली एक हजेरी आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. इसवी सनापूर्वी १२५०च्या आसपासची. सुमारे ४० कामगार, वर्षातले २८० दिवस. खाड्याची तारीख काळ्या शाईनं, आणि तिच्या डोक्यावर लाल शाईनं कारण. डोळे आले होते. विंचू चावला. बिअर गाळत होता. आईचं प्रेत गुंडाळत होता.

कारण! माझ्या मस्टरवर त्याला रकानाच नव्हता. 'गैरहजर' एवढंच लिहायचं, पुढचं पगारपत्रक बघून घेई. वास्तविक मला सगळं ठाऊक असायचं: चैत्रात जोतिबाची यात्रा, कुणाची म्हैस व्यालेली, कुणाच्या उसाला तोड आलेली. इथं कोल्हापुरात ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४५-४६ साली खणलं तेव्हा सातवाहन काळातली विटांची घरं निघाली. त्या घरातला माणूस एखाद्या दिवशी कामावर का गेला नाही, हे कुठल्याच विटेवर नाही. आमची जुनी मस्टरंही रद्दीत गेली.

एक खाडा मात्र माझ्या डोक्यातून जात नाही. एक मोल्डर, अबोल माणूस, चार दिवस आला नाही. मी सरळ गैरहजर मांडलं. त्याचा हजेरी बोनसही गेला. आई वारली होती, हे महिन्यानं कँटीनमध्ये कळलं. मी विचारायला हवं होतं.

परवा एक दोनशेपानी वही आणली. आठवतील ते खाडे कारणासकट लिहितोय. त्या मोल्डरला फोन लावला, नोंद वाचून दाखवली आणि माफीही मागितली. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "चार न्हवं साहेब, पाच दिवस. रक्षाविसर्जन तिसऱ्या दिवशीच झालं हुतं. पाचव्या दिवशी डबा घेऊन निघालो, पण तिच्या खाटंजवळनं पाय हालंना."

मी लाल पेन घेतलं.