ओट्सची ब्राउनी: मैद्याऐवजी नव्हे, चवीसाठी

ओट्स घातले की ब्राउनी 'हेल्दी' झाली असं कुणी म्हणालं, की मी लगेच सांगते: या ताटलीत १०० ग्रॅम लोणी आणि १५० ग्रॅम साखर आहे. ओट्समध्ये बीटा-ग्लुकन हा विरघळणारा तंतू असतो, तो चांगलाच. पण त्यासाठी सकाळी खीर करून खावी. ब्राउनीत मी ओट्स घेते ते निव्वळ चवीसाठी. मैद्याला स्वतःची अशी चव नसते. भाजलेल्या ओट्सना असते, आणि डार्क चॉकलेटच्या कडवटपणाशी तिचं फार छान जमतं.

सगळी गंमत भाजण्यात आहे. १०० ग्रॅम रोल्ड ओट्स, जाड बुडाची कढई, मंद आच आणि सतत हलता हात. इन्स्टंट ओट्स नकोत, ते बारीक असल्याने पटकन करपतात. पहिली काही मिनिटं नुसता कच्चा, पिठूळ वास येतो. मग कडा किंचित तांबूस होतात, चमच्याखालचा आवाज कोरडा, खुळखुळता होतो आणि एकदम खमंग वास सुटतो. सासूबाई थालीपिठाची भाजणी करताना म्हणतात, "अगं, रंगावर जाऊ नकोस, वासावर जा." इथेही अगदी तेच. ओट्स पूर्ण गार झाल्यावरच मिक्सरला लावा. गरम वाटले तर भांड्यात वाफ धरते आणि पीठ कडेला चिकटून बसतं. दोन चमचे ओट्स न वाटता वरून पेरायला ठेवा.

चॉकलेट घेताना पाकिटामागचे घटक वाचाच. कोको बटर लिहिलेलं हवं. त्याच्या जागी हायड्रोजनेटेड वनस्पती तेल असेल तर ते कंपाउंड. वितळवायला सोपं, स्वस्तही, पण खाल्ल्यावर टाळूला मेणचट थर राहतो. केकवरच्या सजावटीला ते चालेल. ब्राउनीत चॉकलेटच मुख्य असतं, तिथे मी ते वापरत नाही. १५० ग्रॅम डार्क चॉकलेट लोण्याबरोबर गरम पाण्यावर धरून वितळवा. भांड्याचं बूड पाण्याला टेकू देऊ नका आणि आत थेंबभरही पाणी जाऊ देऊ नका, नाहीतर चॉकलेट बघता बघता रवाळ होऊन आळतं.

कोमट झालं की साखर, मग एकेक करून दोन अंडी. मिश्रणाला चकाकी येईपर्यंत फेटा. त्यात ओट्सचं पीठ, २५ ग्रॅम कोको, चिमूटभर मीठ आणि चमचाभर इन्स्टंट कॉफी. कॉफी वेगळी कळत नाही, चॉकलेट मात्र गडद लागतं. आता पंधरा मिनिटं झाकून ठेवा. ओट्स ओलावा हळूहळू शोषतात; हा वेळ दिला नाही तर ब्राउनी दाताखाली कणीदार लागते.

सात इंची चौकोनी टिनला बटर पेपर लावून, आधी तापवलेल्या ओव्हनमध्ये १७० अंशांवर बावीस-पंचवीस मिनिटं. प्रत्येक ओटीजीची तऱ्हा वेगळी, म्हणून विसाव्या मिनिटापासून लक्ष ठेवा. टूथपिकला ओलसर कण लागलेले हवेत. ती स्वच्छ निघाली तर ब्राउनी जास्त भाजली गेली.

आणि गार होऊ द्या, खरंच पूर्ण गार. ओट्समध्ये गव्हासारखं धरून ठेवणारं ग्लुटेन नसतं, त्यामुळे गरम कापली की भुगा होतो. दोन तास फ्रीजमध्ये ठेवून, सुरी गरम पाण्यात बुडवून, दर कापाला पुसत कापली की कडा सरळ येतात. दुसऱ्या दिवशी तर ती आणखी मुरते. माझं मत विचाराल तर तेव्हाच खावी.

श्रावणात अंड्यांऐवजी १२० ग्रॅम घट्ट दही आणि पाव चमचा खायचा सोडा घालते. ती थोडी केकसारखी होते. चवीला उत्तम, पण मूळ ब्राउनीचा चिकट गाभा तिच्यात नाही.

घरात कुणाला सिलिअ‍ॅकचा, म्हणजे ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होण्याचा, त्रास असेल तर साधे ओट्स चालणार नाहीत. शेतात आणि गिरणीत त्यांत गहू मिसळतो, म्हणून 'ग्लुटेन फ्री' छापलेलंच पाकीट आणा. काहींना तेही सोसत नाही, तेव्हा आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारलेलं बरं.