खारातलं गवत मीठ कसं पचवतं

पेण-अलिबागकडे उधाणाने बांधाला खांड गेली की खाऱ्या पाण्याने भात जातो. आमच्या खाराचंही, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या भातजमिनीचंही, तेच झालं, आणि पुढे तिथे इल्युरोपस लॅगोपॉइडीस पसरलं. बोटभर उंचीचं, टोचऱ्या पानांचं गवत. लोक त्याच्याकडे ढुंकून बघत नाहीत. मी बारावीला रसायनशास्त्र शिकवते आणि मला ते फार मोलाचं वाटतं.

फेब्रुवारी-मार्चमध्ये दव वाळल्यावर पान भिंगाखाली धरा. पात्यावर मिठाचे बारीक खडे चमकतात. पान डिस्टिल्ड वॉटरमध्ये खळबळून त्यात सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकले की पाणी दुधाळ होतं, म्हणजे क्लोराइड. त्याच पाण्याने ज्योत पिवळीधमक होते, म्हणजे सोडियम. हे मीठ पानावरच्या दोन-दोन पेशींच्या ग्रंथींतून येतं. खालची पेशी गोळा करते, वरची बाहेर टाकते.

पण सगळं मीठ बाहेर टाकून भागत नाही. खाऱ्या चिखलातून पाणी ओढायचं तर मुळातला रस बाहेरच्या पाण्याहून तीव्र हवा, नाहीतर मुळातलंच पाणी बाहेर जाईल. म्हणून गवत थोडं मीठ मुद्दाम ठेवतं, पण पेशीच्या रिक्तिकेत, म्हणजे पेशीतल्या रसाच्या पिशवीत, कोंडून. रिक्तिकेबाहेरच्या पेशीद्रवातल्या विकरांना (एन्झाइमांना) एवढं सोडियम सोसत नाही, तिथे तीव्रतेचा तोल सांभाळतात प्रोलिन आणि ग्लायसिन बीटेन हे गवताने स्वतः बनवलेले छोटे रेणू. बीटेनच्या रेणूत नायट्रोजनवर धन भार, कार्बोक्सिलवर ऋण, एकूण शून्य. त्यामुळे ते कितीही साठलं तरी प्रथिनं बिघडत नाहीत. किती सुंदर तोडगा आहे हा!

भाताला हे बीटेन जवळजवळ बनवताच येत नाही, कोलीन या कच्च्या मालापासूनची पहिली पायरीच अडते. गंमत म्हणजे पुढच्या पायरीचं बीएडीएच२ हे जनुक बासमतीत डीएनएची ८ अक्षरं गळून निकामी झालंय, आणि त्यामुळेच तिथे २-असिटाइल-१-पायरोलिन साठतं. बासमतीचा वास तो हाच. आपल्या आंबेमोहोराच्या घमघमाटातही हाच रेणू आहे.

पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राच्या जाती बऱ्यापैकी खारटपणा सोसतात, पण पानातून मीठ टाकणं भाताला जमत नाही. त्याचा रानटी भाऊबंद ओरायझा कोआर्क्टाटा मात्र भरतीत बुडून जगतो आणि पानावाटे मीठ टाकतो. फिलिपिन्सच्या इरी या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने २०१३ मध्ये त्याचा भाताशी संकर जमल्याचं जाहीर केलं. खारपट्ट्यातल्या शेतकऱ्याच्या हाती ते बियाणं यावं, असं मला मनापासून वाटतं.