गच्चीवर कुंड्या ठेवायच्या, तर आधी परवानगी: माझा अनुभव

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आधी मी सोसायटीकडे अर्ज दिला: गच्चीवर कुंड्या ठेवायच्या आहेत, परवानगी द्यावी. श्रावणात आमच्या खानदेशातली कानबाई देवी आली, तिचं विसर्जनही झालं, तरी अर्ज फायलीतच. जळगावात आमचं अपार्टमेंट चार मजली, गच्ची सगळ्यांची. सामायिक जागेला कमिटीची परवानगी हवी हे मला मान्यच आहे. पण हो किंवा नाही, काहीतरी सांगा ना!

आधी ऐकलं, "मीटिंग झाली की बघू." मीटिंग कोरमअभावी पुढे गेली. मग सेक्रेटरी म्हणाले, "वरच्या मजल्यावरच्यांची हरकत आहे, ताई." मी त्या मावशींना जाऊन भेटले, तर त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. उलट म्हणाल्या, "एक कढीपत्ता माझ्यासाठीबी लाव वं माय." त्यानंतर "स्लॅब गळला तर जबाबदार कोण?" आणि सगळ्यात शेवटी, "वजनाचं इंजिनीअरकडून लिहून आणा." हे शेवटचं वाक्य पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर मृगाच्या पावसात माझी रोपं लागली असती. आपल्याकडे नवख्या माणसाने सुरुवात करायची ती दोन-तीन चांगले पाऊस पडून हवा निवली की. एप्रिल-मे मध्ये पारा ४५ च्या आसपास असताना नवं रोप आणणं म्हणजे पैसे वाया. तो अख्खा मोसम माझ्या हातून गेला, त्याची चीड अजून जात नाही.

वजनाची शंका मात्र खरी आहे, आणि तिचं उत्तर मी नीट शोधलं याचं मला समाधान आहे. नात्यातल्या एका इंजिनीअरने समजावलं: माणसं वावरतील अशा सपाट गच्चीसाठी आयएस ८७५ या इमारतींवरच्या भाराच्या भारतीय मानकात दर चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन, म्हणजे साधारण १५० किलो इतका भार धरलेला असतो. १२ इंची मातीची कुंडी काळ्या मातीने भरून भिजवली की २५ किलोच्या वर सहज जाते. तशा चार-पाच कुंड्या एका चौरस मीटरमध्ये खेटून ठेवल्या आणि वर माणूस उभा राहिला, की हिशेब काठावर येतो. म्हणून कुंड्या मधोमध न मांडता कठड्याच्या कडेने, खाली बीम जातो त्या रेषेवर मांडायच्या. प्लास्टिकच्या कुंड्या किंवा ग्रो बॅग घ्यायच्या आणि मातीत कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा मिसळायचा, वजन बरंच उतरतं. प्रत्येक कुंडी विटांवर ठेवायची, म्हणजे खालचा स्लॅब कोरडा राहतो, झाडता येतो आणि पाणी जायचं भोक बुजत नाही. हे सगळं मी चौकटीच्या कागदावर आखलं, कुंडीची जागा, अंदाजे वजन, पाण्याचा उतार. इमारत जुनी असेल किंवा आधीच गळत असेल तर मानकावर विसंबू नका, इंजिनीअरला प्रत्यक्ष गच्ची दाखवाच. आमच्याकडे तो येऊन बघून गेला आणि मगच त्याने लिहून दिलं.

त्यानंतरही फाईल हलेना. मग एका वकील वहिनींनी सुचवलं की वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावीच लागते, विषयपत्रिकेत तुझा विषय लेखी टाकायला लाव. सभेत मी तो आखलेला कागद फिरवला. चर्चा चहा येईपर्यंतसुद्धा टिकली नाही, सगळ्यांनी हात वर केले. इतक्या सोप्या गोष्टीला आखाजीपासून थांबवलं होतं!

अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोहोच घ्या, हे वरच लिहायला हवं होतं. माझ्याकडे ती होती म्हणून "अर्ज मिळालाच नाही" असं कुणाला म्हणता आलं नाही.

आता झाडांचं. शेतातली काळी माती फुकट मिळते म्हणून नुसती तीच कुंडीत भरू नका. कपाशीला ती सोनं, पण कुंडीत वाळली की आकसते आणि कडेने बोटभर फट पडते. वरून ओतलेलं पाणी त्या फटीतून सरळ खालच्या भोकातून बाहेर येतं. आपल्याला वाटतं झाड भिजलं, आणि मधला गोळा दगडासारखा कोरडाच. निम्मी माती, उरलेल्यात वाळू, कुजलेलं शेणखत आणि कोकोपीट, वर मूठभर निंबोळी पेंड, एवढं पुरतं. काळ्या मातीऐवजी तापीकाठचा पोयटा, म्हणजे नदीची गाळाची माती मिळाली तर उत्तम.

कूलरच्या टाकीत उरलेलं पाणी झाडांना घालायची आपल्याकडे घरोघरी सवय. पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात, त्यामुळे बोअरच्या जड पाण्यापेक्षाही ते खारट होतं. पानांच्या कडा करपतात, कुंडीवर पांढरा थर चढतो. ते फरशी धुवायला वापरा.

परवानगीची वाट बघत असताना घरात स्नेक प्लांट आणि मनी प्लांट ठेवले होते. दोन्ही बिनतक्रार जगतात, फक्त रोज पाणी नको. नर्सरीवाले भाऊ म्हणाले तेच खरं, "आधी मातीत बोट घाला, मंग पाणी घाला." दोन पेरं आत ओल लागली तर हात आवरा.

जास्वंदीवर कापसासारखा पांढरा पिठ्या ढेकूण दिसला की पहिल्याच दिवशी जोरदार पाण्याने धुवा, मग लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि थोडं साबणाचं पाणी घालून संध्याकाळी फवारा. भर उन्हात फवारलं तर पानं भाजतात. कुंडीखालच्या ताटल्या पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तरी उपड्या करा, डेंगीचा डास तेवढ्याच दिवसांत तयार होतो. भरताच्या वांग्याला मोठी, १५ इंची तरी कुंडी आणि कुंडीत एकच रोप. होळीनंतर गच्चीवर ५० टक्के सावली देणारी हिरवी जाळी बांधा आणि पाणी सकाळी आठच्या आत घाला.

ज्यांना सामायिक गच्चीवर सुरू करायचं आहे त्यांनी अर्ज दिवाळीनंतर लगेच द्यावा, सोबत वजनाचा कागद पहिल्या दिवशीच जोडावा. म्हणजे कमिटीने थोडं लांबवलं तरी मृगाच्या आत सही हातात पडायला वेळ मिळतो.