इतकंच?

आज आत्याने कुशीतल्या तीन खुणा बघितल्या आणि म्हणाली, "इतकंच? मला वाटलं छाती मधोमध चिरली असेल." आणि लगेच, "चला, सुटलीस गं." मी मान डोलावली. तेव्हापासून ते 'इतकंच' डोक्यातून जात नाहीये.

बरंच झालं की. ऑपरेशन दुर्बिणीतून झालं, उरोस्थी, म्हणजे छातीचं मधलं हाड, कापावी लागली नाही, लवकर घरी आले. पण आत काय थोडकं होतं? गाठीबरोबर त्या हाडामागची थायमस ग्रंथी अख्खी गेली, भोवतालची चरबीही, एका बाजूच्या फ्रेनिक नसेपासून दुसऱ्या बाजूच्या नसेपर्यंत. त्या नसेला धक्का लागला की श्वासपटल लुळं पडतं, आणि मायस्थेनियामुळे, स्नायू थकवणाऱ्या या आजारामुळे, माझ्या श्वासाचा आधीच भरवसा नाही. गाठीचं आवरण फुटू द्यायचं नाही, पेशी छातीत सांडतात. म्हणून आतच पिशवीत भरून भोकातून बाहेर काढली. त्याआधी प्लाझ्मा बदलून झाला होता, क्रायसिस, म्हणजे श्वासाचे स्नायूच थकून बसणं, नको म्हणून. भूल देणाऱ्या डॉक्टरांचा चेहरा तर सर्जनपेक्षा गंभीर. मला अजून तो मास्क... असो.

यातलं खुणांवर काय दिसणार?

संध्याकाळी डावी पापणी उतरते, एकाचे दोन दिसतात, आणि समोरच्याला वाटतं मी कंटाळलेय. हातभर व्रण असता तर निदान कुणी 'सुटलीस' म्हणालं नसतं. हे निखिलला सांगितलेलं नाही. पॅथॉलॉजीच्या रिपोर्टबद्दलही आम्ही फारसं बोलत नाही.

खरं तर सर्जननी आधीच बजावलं होतं: थायमोमा, म्हणजे थायमसची गाठ, आहे म्हणून काढायचा, मायस्थेनियाला उतार पडायला महिने लागतील, कदाचित वर्षं. ग्रंथी गेली म्हणून हा आजार घडवणाऱ्या रक्तातल्या अँटिबॉडी दुसऱ्या दिवशी गाशा गुंडाळत नाहीत. २०१६ ची मायस्थेनियाच्या रुग्णांवरची ती मोठी चाचणी वाचून मला केवढा हुरूप आला होता! थायमस काढलेल्यांची ताकद सुधारली, स्टेरॉइड कमी लागलं. मग नीट वाचलं, तर तीत थायमोमावाले घेतलेलेच नव्हते, आणि ऑपरेशनही उरोस्थी कापून केलेलं. मायस्थेनियाच्या शंभरांत दहा-पंधरा जणांनाच ही गाठ असते. त्यांत माझा नंबर लागला, चाचणीत मात्र माझ्यासारख्यांना जागाच नाही. याचं हसू आलं, बऱ्याच दिवसांनी.

गोळीची वेळ झालीय. उशीर झाला तर गिळता येत नाही, आणि गिळता यावं म्हणून जी घ्यायची तीही गिळूनच घ्यायची. हा आजार ज्याने काढला त्याला विनोदाचं अंग होतं.